‘ओके मॅम’च्या आधीचे चार सेकंद

तारीख शोधायची होती, बाकी काही नाही. क्लायंट म्हणत होता की आम्ही त्याला बारा तारीख दिली होती, माझ्या डोक्यात पंधरा पक्की बसलेली, आणि अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा रेकॉर्डिंग बघितलेलं बरं म्हणून मी रात्री साडेदहाला कानात हेडफोन घालून ती 47 मिनिटांची मीटिंग पुढे पळवत पळवत ऐकायला बसले. तारीख सापडली (बाराच होती, मी चुकले होते) पण ती सापडायच्या आधी, एकतिसाव्या मिनिटाच्या आसपास, भलतंच काहीतरी हाती लागलं. टीममधला सगळ्यात नवा मुलगा सांगतोय की त्याच्याकडचा भाग शुक्रवारपर्यंत होईल असं वाटत नाही, अजून दोन दिवस मिळतील का. मग एक श्वास ऐकू येतो, नाकातून सोडलेला, चांगला लांब. मग एक बाई म्हणते, "बरं. राहू दे. मी बघते." मग काहीच नाही. आणि मग तो म्हणतो, "ओके मॅम."

ती बाई मी.

मागे नेऊन परत ऐकलं. मधली शांतता चार सेकंदांची आहे, खाली आकडे सरकताना दिसतात. मजा म्हणजे ही मीटिंग मला अगदी नीट आठवत होती, म्हणजे माझा तसा समज होता. माझ्या आठवणीत त्या दिवशी मी त्या पोराला सांभाळून घेतलं होतं. बिचारा नवीन आहे, लोड आहे त्याच्यावर, आपण दोन तास जास्त बसू, काय बिघडलं. घरी आल्यावर मी हे सांगितलंही होतं, जरा मिरवतच. आणि शब्द बघायला गेलं तर त्यात खरंच काही नाही, आवाज चढलेला नाही, टोमणा नाही, तीनही वाक्यं सभ्य आहेत, लिहून काढली तर कुणी बोट ठेवू शकणार नाही. पण आवाज! दार आपटायचं नाही, हळूच लोटायचं आणि आतून कडी घालायची, तसला आवाज. मी त्या मुलावर चिडले होते. चांगलीच चिडले होते. आणि मला ते तीन आठवड्यांनी, एका फाइलमधून कळत होतं.

स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज कुणालाच आवडत नाही हे तसं सगळ्यांना माहितीये. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला हवेतून तर ऐकू येतोच पण कवटीच्या हाडांमधूनही येतो, त्या वाटेने खालचे सूर जास्त पोचतात, म्हणून आतून आपण आपल्याला भरदार वाटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये चिरके. इतकंच असेल असं मीही समजत होते. पण त्या रात्री झोप येईना म्हणून शोधत बसले तेव्हा 1966 सालचं एक काम सापडलं, होल्झमन आणि रूझी या दोघांचं. त्यांचं म्हणणं असं की अस्वस्थ वाटतं ते नुसत्या सुराच्या फरकामुळे नाही, आपल्या आवाजात आपण न सांगितलेल्या गोष्टी ऐकू येतात म्हणूनही वाटतं. भीती, राग, कुठेतरी अडखळलेपण. जे समोरच्याला रोज फुकट ऐकू येत असतं ते आपल्याला पहिल्यांदा ऐकू येतं. वाचून मी लॅपटॉप बंद केला आणि मग आणखीच झोप येईना.

‘मी बघते’ हे माझं वाक्य आहे. माझी ओळखच म्हणा ना. शाळेत ग्रुप प्रोजेक्ट असायचा तेव्हापासून मीच बघतेय. आणि त्या रात्री अंधारात पडल्या पडल्या मला एकेक आठवायला लागलं की मी ‘मी बघते’ कधी कधी म्हटलंय, तर हळूहळू एक लाजिरवाणी यादी तयार झाली. कुणी आयत्या वेळी शब्द फिरवला तेव्हा. माझं क्रेडिट दुसऱ्याच्या नावावर गेलं त्या संध्याकाळी. घरात भांडण अर्धवट राहिलं की मी कपाट आवरायला घेते, तेही धरा. लोक चिडले की ओरडतात, काही जण रडतात, काही जण बोलणं टाकतात, मी काम करते. जितकी जास्त चिडलेली तितकं काम जास्त चकाचक. आई चिडली की आम्हाला भांड्यांच्या आवाजावरून कळायचं. ती शब्दही बोलायची नाही पण प्रत्येक पातेलं ओट्यावर असं उतरायचं की आम्ही मुकाट अभ्यासाला बसायचो. मला वाटायचं मी तिच्यासारखी नाही, मी शांत आहे. माझी भांडी फक्त एक्सेलमध्ये आपटतात, एवढाच फरक.

बाबा तर याच्याही पुढचे. आयुष्यभर मान खाली घालून काम केलेला माणूस, सुट्टीच्या दिवशी नळाचा वॉशर बदलणार, पंखे पुसणार, जुन्या वायरी सोडवत बसणार. रिटायर झाल्यावर पहिला महिना-दीड महिना घरातलं सगळं दुरुस्त करून झालं आणि मग दुरुस्त करायला काही उरलंच नाही. एका दुपारी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते आणि मी पाणी प्यायला आत आले तर डोळ्यांतून पाणी वाहतंय, हात मात्र चालू, शर्टाची बाही व्यवस्थित मागे दुमडतायत. मी घाबरले. "बाबा, काय झालं?" तर ते म्हणाले, "काय माहीत." आम्ही तेव्हा त्याचा अर्थ ‘सांगायचं नाहीये’ असा लावला. माणूस काहीतरी लपवतोय, शेअर्समध्ये पैसे बुडालेत की काय इथपर्यंत आमची मजल गेली. आता वाटतं, त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं होतं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. ज्याला आत काय चाललंय त्याचं नाव सापडत नाही अशा अवस्थेला पीटर सिफ्नियॉस नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने 1973 मध्ये एक ग्रीक वळणाचं नाव दिलं, ॲलेक्सिथायमिया, म्हणजे भावनेला शब्द नसणं. बाबांना तसं काही होतं असं मी म्हणत नाहीये, उगाच वाचलेला शब्द घरच्यांना चिकटवायची सवय वाईट. पण इतकी वर्षं ज्या खोलीत कधी गेलोच नाही तिथल्या दिव्याचं बटण कुठे आहे हे कसं सापडणार, एवढंच.

आणि मी हे सगळं बघून शहाणी झाले का, तर नाही. नंतर बाबा हॉस्पिटलमध्ये होते ते नऊ दिवस मी कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर मांडीवर लॅपटॉप घेऊन काम केलं. प्लास्टिकची निळी खुर्ची, डावीकडचा पाय थोडा आखूड, त्यामुळे टाइप करताना मी सतत एका बाजूला कलत होते. फिनेलचा वास, लिफ्टची घंटी, आणि स्क्रीनवर माझा हिरवा ठिपका चालू. एकही डेडलाइन चुकली नाही. त्या वर्षीच्या अप्रेजलमध्ये लिहून आलं की दडपणाखालीही ही अत्यंत शांत राहते. मला इतका अभिमान वाटला होता त्या वाक्याचा, मी ते मेल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं. अजून आहे. आज ते वाचताना काय वाटतं ते मलाच धड सांगता येत नाही, अभिमान पूर्ण गेलाय असंही नाही, कारण त्या नऊ दिवसांत काम नसतं तर मी कोसळले असते हे मला पक्कं माहितीये. काम हा तेव्हा पळपुटेपणा होता की आधार होता? लोक फार पटकन सांगतात की पळपुटेपणा. त्यांनी ती खुर्ची बघितलेली नसते.

बर्नआउट हा शब्द आता इतका घासून गुळगुळीत झालाय की वापरायलाच नको वाटतो, पण त्याच्या मुळाशी पण एक रेकॉर्डिंग आहे हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर, न्यूयॉर्कचा मानसशास्त्रज्ञ. दिवसा स्वतःची प्रॅक्टिस आणि संध्याकाळपासून रात्री उशिरापर्यंत गरिबांसाठीच्या मोफत क्लिनिकमध्ये काम. घरचे मागे लागले म्हणून सुट्टीचा बेत ठरला आणि निघायच्या दिवशी सकाळी याला अंथरुणातून उठताच येईना. मग याने काय केलं, टेपरेकॉर्डर घेतला, त्यात स्वतः बोलला, आणि नंतर ती टेप एखाद्या पेशंटची असावी तशी ऐकली. थकवा तर होताच त्या आवाजात, पण रागही होता. म्हणजे ज्याचा धंदाच दुसऱ्याचं मन ऐकणं आहे त्यालाही स्वतःचं ऐकायला यंत्र लागलं. 1974 मध्ये त्याने त्यावर लेख लिहिला आणि तो शब्द जगभर गेला. टेप मात्र कुणाच्या लक्षात राहिली नाही. मला मात्र वाचताना त्याचाच इतका दिलासा वाटला की काय सांगू, मी एकटीच येडी नाही.

पण एक प्रश्न तरी राहतोच. चिडले होते तर आठवत का नव्हतं? याचंही एक बऱ्यापैकी उत्तर आहे. रिचर्ड्स आणि ग्रॉस यांचा 2000 सालचा अभ्यास आहे, त्यात असं दिसलं की मनातलं चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही असं ठरवून बसलेल्या लोकांना त्या वेळात बोललेलं, सांगितलेलं कमी आठवतं. चेहरा सांभाळणं हेच एक काम असतं, डोकं तिकडे अर्धं खर्ची पडतं. मला हे वाचून एकदम बारा तारीख आणि पंधरा तारीख आठवली. ती तारीख त्या चार सेकंदांनंतर साधारण दोन मिनिटांनी ठरली आहे. मी शांत दिसायच्या कामात इतकी गुंतले होते की क्लायंटला दिलेली तारीख कानावरून गेली. आणि मी स्वतःला काय समजत होते, तर डोकं थंड ठेवणारी, सगळं लक्षात ठेवणारी बाई.

राग आला की काम सपासप होतं हे मात्र खोटं नाही, ते मी अनुभवाने सांगते. 1908 मध्ये यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी उंदरांना काळी-पांढरी पेटी ओळखायला शिकवलं, चुकलं की विजेचा झटका. पेट्यांमधला फरक ढळढळीत होता तेव्हा जोरदार झटक्याने उंदीर पटकन शिकले, पण फरक बारीक केला तर तोच जोराचा झटका उलटा पडला. यावरून पुढे मॅनेजमेंटवाल्यांनी काय काय आलेख काढले ते सोडा, बिचारे उंदीर होते ते. पण मला त्यातलं बारीक आणि ढळढळीत हे पटलं. कपाट आवरणं, शीट भरणं, चारशे ओळी तपासणं, हे मी रागाच्या इंजिनावर रात्रभर करू शकते. नवीन पोराला ‘दोन दिवस घे, पण अडलंय कुठे ते सांग’ म्हणणं हे बारीक काम आहे. ते त्या इंजिनावर होत नाही. तिथे तीन सभ्य वाक्यं बाहेर पडतात.

बरं, मग यावर मी काय केलं? हसू नका. मी त्याचंही काम करून टाकलं. एक ॲप घेतलं, दिवसातून तीनदा ते विचारायचं कसं वाटतंय, मी चेहरा निवडायचे. सलग किती दिवस भरलं त्याचा आकडा दाखवायचं, तेवीस दिवसांचा माझा आकडा झाला होता आणि चोविसाव्या दिवशी गडबडीत राहिलं तर मला इतका वैताग आला, स्वतःचाच इतका राग आला, आणि तो राग नोंदवायला मी ॲप उघडलंच नाही. शिवाय त्यातले चेहरे किती, तर पाच. खूप छान, छान, ठीक, वाईट, खूप वाईट. परीक्षेचा निकाल लावल्यासारखं. मी बहुतेक वेळा ‘ठीक’ दाबायचे आणि पुढच्या मीटिंगला जायचे.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बोलतानाही माझ्याकडे एकच शब्द उरलाय, टेन्शन. मुलाच्या परीक्षेचं टेन्शन, रिलीजचं टेन्शन, कुणी फोन उचलला नाही त्याचं टेन्शन, कुणी खूप दिवसांनी भेटणार आहे त्याचंही टेन्शनच. आपल्या भाषेत काय कमी शब्द आहेत का? आजी नुसतं ‘कसंतरी होतंय’ असं कधी म्हणायची नाही. तिच्याकडे रुखरुख वेगळी, हुरहुर वेगळी, तगमग वेगळी. जीव टांगणीला लागणं आणि जीव भांड्यात पडणं, घुसमट, कालवाकालव, धास्ती, हिरमुसणं, तिडीक. आणि गंमत बघा, यातलं कितीतरी अंगावर दाखवता येतं. गोळा पोटात येतो, तिडीक मस्तकात जाते, धस्स छातीत होतं, आवंढा घशात अडकतो, गळतात ते हातपाय. कुठे बघायचं त्याचा पत्ताच देऊन ठेवलाय कुणीतरी, आणि आपण सगळ्याला टेन्शन म्हणून मोकळे. मॅथ्यू लिबरमन आणि त्याच्या सहकाऱ्यांचा 2007 चा मेंदू स्कॅनचा अभ्यास आहे, चिडलेले-घाबरलेले चेहरे दाखवून लोकांना त्या भावनेचं नाव निवडायला लावलं तर मेंदूतल्या ॲमिग्डालाची, म्हणजे भीती-धोका दिसला की जागा होणाऱ्या भागाची, धावपळ कमी झाली, नुसतं बाई की पुरुष ते ओळखायला लावलं तेव्हा तशी नाही झाली. म्हणजे ‘तिडीक’ म्हणण्याने काही होत असावं. बहुतेक. निदान खोटं तरी नसतं ते.

ती चार सेकंदांआधीची मी आठवायचा प्रयत्न करून बघितला, शब्द लावून. राग? हो, पण मुलावर नाही, किंवा निव्वळ मुलावर नाही. त्या सकाळी मला वरून सांगितलं होतं की पुढचे दोन महिने माणूस वाढवून मिळणार नाही. मी म्हटलं होतं, ठीक आहे, बघते मी. म्हणजे त्या दिवसातलं ते दुसरं ‘बघते’ होतं. आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी होतं, ते शोधायला बराच वेळ लागला, कारण ते मला शोभणारं नव्हतं. हेवा. त्या पोराने किती सहज सांगितलं, होणार नाही, दोन दिवस द्या. आवाज न कापता. मला एवढ्या वर्षांत एकदाही ते जमलं नाही. कुणी शिकवलं यांना? आणि मला का नाही शिकवलं?

हे लिहितानाही मान आखडल्यासारखी झालीये.

कुणी म्हणेल मग काम कमी कर. ते ऐकलं की माझी सटकते. मला काम आवडतं. सगळे झोपल्यावर घरात फ्रिजचा तेवढा आवाज येत असतो आणि दिवसभर न सुटलेली गोष्ट अचानक हाताखाली सुटते, त्या आनंदासाठी मी कितीही जागेन, त्याला कुणी आजार म्हटलं तर मी मान्य करणार नाही. गोची एवढीच आहे की ती रात्र आणि चिडून जागलेली रात्र बाहेरून सारखीच दिसते. तेच तास, तोच दिवा, तीच मी. माझ्यापुरता फरक मला जबड्यात सापडलाय. आवडीने बसलेली असते तेव्हा तोंड थोडं उघडं राहतं, अगदी बावळटासारखं, आणि आतल्या आत जळत असते तेव्हा दात एकमेकांवर. दाढेच्या डॉक्टरांनी दोनदा सांगून झालंय की झोपेत दात खाता, गार्ड करून घ्या. मी त्यांना म्हटलं होतं, हो, बघते.

शेवटी त्या मुलाला फोन केला. करायच्या आधी तीन दिवस मनात वाक्यं जुळवत होते, तीही चांगली पॉलिश करून, म्हणजे परत तेच. कामाचं बोलणं झाल्यावर म्हटलं, एक सांगायचं होतं, त्या तारखेच्या मीटिंगमध्ये तू दोन दिवस मागितलेस तेव्हा मी तुझ्याशी नीट बोलले नाही, चिडले होते, तुझा दोष नव्हता. तिकडे जरा गोंधळ. "कधी मॅम? सोमवारची का?" मी म्हटलं नाही, त्याच्या बऱ्याच आधीची. "अच्छा अच्छा... नाही मॅम, ते ठीक होतं. मला वाटलं तुम्ही रिलीजच्या वेळचं म्हणताय."

रिलीजच्या वेळी काय झालं होतं? मी डोकं खाजवलं, काहीही आठवेना. त्या रात्री सगळे उशिरापर्यंत होते, माझ्या हिशेबी सगळं छान पार पडलं होतं, मी सगळ्यांना थँक्यूचं मेलही टाकलं होतं. तो कॉल रेकॉर्ड केलेला नव्हता. "काय म्हटलं होतं मी?" असं विचारलं. "जाऊ दे ना मॅम," तो म्हणाला, आणि हसला, पण ते हसणं मला आता नीट ऐकू येत होतं. जाऊ दे कसं, सांग ना, हे माझ्या तोंडावर होतं आणि त्याच्या मागोमाग ‘बरं, मी बघते’ पण होतं, सवयीने अगदी दातांपर्यंत आलेलं. दोन्ही गिळलं. पोटात काहीतरी खाली खाली गेलं, त्याला काय म्हणतात ते शोधत राहिले. बराच वेळ गेला असणार.

"मॅम?" तिकडून आवाज आला. "तुम्ही म्यूटवर आहात का?"